लोह कमी असलेला तारा

१२ जानेवारी २०२५, रविवार

प्राणवायू म्हणे धातू! चुलीतला कोळसा, तोही धातू!

वाचनालयातून घरी आले तरी डोकं गरगरतंय. शेजारच्या मालनबाईंची नात तेजस्विनी पुण्याला ताऱ्यांचा अभ्यास करते, तिचं व्याख्यान होतं. पोरगी धीटपणे उभी राहिली आणि म्हणाली, "आम्हा तारेवाल्यांकडे हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळं धातूच." लोक हसले. मला हसू येईना. आमच्या ह्यांनी सगळा जन्म सातपूरला शिशाच्या भट्टीपुढे काढला, बॅटरीच्या प्लेटा ओतल्या. धातू म्हणजे काय ते आमच्या घराला कुणी शिकवायला नको, अशी माझी समजूत!

पुढे तर ऐकतच राहिले. जग नवं होतं तेव्हा धातू नव्हतेच. लोखंड नाही, तांबं नाही, शिसं नाही. पहिल्या ताऱ्यांनी ते पोटात शिजवले, फुटले, आणि तेव्हा कुठे बाकीच्यांच्या वाट्याला आले. म्हणून जे तारे फार जुने, त्यांच्यात लोह फार कमी. त्यातले काही सध्या आपल्या सूर्याच्या शेजारून चाललेत. "इथले नाहीत ते," तेजस्विनी म्हणाली, "वाटसरू आहेत. आपल्या गल्लीतून जाताहेत एवढंच."

मालनबाई पहिल्या रांगेत बसून झोपल्या होत्या. टाळ्या झाल्या तशा जाग्या झाल्या आणि सगळ्यांहून जोरात वाजवल्या.

घरी आले तर नात वेदिका पोटाला हात लावून रडत होती. साडेतीन वर्षांचं लेकरू, आणि महिनाभर हेच. जेवत नाही, शौचाला होत नाही, चेहरा मेणासारखा. रवी म्हणतो, "आई, दात येत असतील." सगळे दात आलेत तिचे!

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. वेदिकाने तिळाचा लाडू हातातसुद्धा धरला नाही. मागच्या वर्षी डबा पळवला होता.

१६ जानेवारी, गुरुवार

सुनेबरोबर, राखीबरोबर, मीही दवाखान्यात गेले. रवीला कुरिअरच्या ऑफिसातून सुट्टी नाही. डॉक्टर बाई आहेत, तरुण आहेत, पण घाई करत नाहीत. वेदिकाच्या पापण्या उलटून पाहिल्या. परवा रक्त तपासलं होतं, त्यात लोह फार कमी निघालंय म्हणाल्या.

मग विचारलं, "घरात कुणी रंगाच्या, बॅटरीच्या कामाला आहे का?"

राखीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आता कुणी नाही."

"मग ठीक," म्हणाल्या आणि लोहाचं औषध लिहून दिलं. महिनाभर देऊन बघू.

रिक्षात वेदिका माझ्या मांडीवर. मी तिच्या कानात म्हटलं, तू कोण आहेस माहीत आहे का? लोह कमी असलेला तारा! आमच्या गल्लीतून चाललेला! राखीला तेवढंच हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं.

१८ जानेवारी, शनिवार

थंडी आहे. दुपारी वेदिका गोधडीत झोपली. गोधडीचं टोक तोंडात घेतल्याशिवाय तिला झोप येत नाही. चोखून चोखून ते टोक काळंमिट्ट झालंय. राखी ओढून काढते, ती रडते, मग मीच म्हणते, "राहू दे गं, आजोबांचीच आहे."

खरंच त्यांची आहे. हे गेले त्याला येत्या चैत्रात दोन वर्षं होतील. आजारी पडून घरी बसले तेव्हा कामाचे खाकी शर्ट-पँट खुंटीवर होते. ते गेल्यावर मी तसेच घडी करून पेटीत ठेवले. धुतले नाहीत. पेटी उघडली की घाम, तंबाखू आणि भट्टीचा धूर, असे हे समोर उभे! वर्षश्राद्ध झालं, आणि मग वाटलं, पेटीत कुजवण्यापेक्षा नातीच्या अंगावर राहू दे. मालनबाईही म्हणाल्या, "जुन्या माणसाच्या कापडात लेकरू वाढतं. आयुष्य लागतं त्याला." श्रावणात टाचली. आत ह्यांचे शर्ट, वर-खाली माझी जुनी मऊ पातळं.

गोधडीचं कापड आधी धुऊन, उन्हात कडक वाळवून घ्यायचं, हे माझ्या आईनं शिकवलेलं. सगळं तिच्यासारखं केलं. एवढंच केलं नाही. वास गेला असता.

२२ जानेवारी, बुधवार

गॅलरीच्या कठड्यावर चिमणी आली. वेदिकाने बोट दाखवलं आणि नुसती बघत राहिली. शब्द आठवेना! वर्षापूर्वी हीच पोरगी "चिमणी चिमणी" करून डोकं उठवायची. मी म्हटलं, "काय आहे ते?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिच्याकडून काहीतरी काढून घेतलंय.

राखी मोरीत जाऊन रडली. नळ सोडून रडते, म्हणजे मला कळणार नाही.

लोहाचं औषध चालू आहे. फरक नाही.

२५ जानेवारी, शनिवार

आजचं सगळं लिहून काढते.

मालनबाईंकडे मटार सोलायला गेले होते. तेजस्विनी उद्या पुण्याला जाणार. तिला म्हटलं, तुझे ते जुने तारे अजून डोक्यातून जात नाहीत. ती खूश झाली. म्हणाली, "मग काकू, त्यातला सगळ्यात विचित्र सांगते. लोह जवळजवळ नाहीच, पण शिसं भरपूर!"

"शिसं?"

"शिसं. एवढं, की आम्हाला वाटलं मोजण्यात चूक झाली."

मी म्हटलं, ताऱ्यात शिसं आहे हे इथे बसून कसं कळतं? तर त्याचा उजेड उकलून बघतात. प्रत्येक धातूची त्या उजेडात आपली आपली काळी रेघ असते. रेघ जेवढी गडद, तेवढा माल जास्त.

मालनबाई म्हणाल्या, "अगं बायांनो, शेंगा सोलताय का तारे? सालंच पातेल्यात पडायला लागली!"

तेजस्विनी म्हणाली, "पण गंमत पुढे आहे. हा तारा लहान आहे. शिसं शिजवण्याची त्याची ताकदच नाही. मग आलं कुठून?"

"कुठून?" मी म्हटलं.

"त्याला जोडीदार होता, काकू. ह्याच्याहून मोठा. मोठे लवकर संपतात. म्हातारपणी त्यानं पोटात शिजवलेलं सगळं वाऱ्यासारखं बाहेर टाकलं आणि ते ह्याच्या अंगावर पडलं. जोडीदार विझला. पण त्यानं दिलेलं शिसं ह्याच्या अंगावर तसंच आहे."

"आणि तो? विझलेला?"

"आहे की. तिथंच, शेजारी फिरतोय. दिसत नाही."

"दिसत नाही तर कशावरून?"

"हा डुलतो ना. जरा पुढे, जरा मागे. कुणीतरी ओढावं तसा."

"म्हणजे तारा विधवा झाला म्हण की!" मालनबाई मोठ्यानं हसल्या, आणि मग माझ्याकडे बघून एकदम थांबल्या. "सुला, मी आपलं असंच बोलले गं."

मला वाईट नव्हतं वाटलं. उलट असं वाटलं, की कुणीतरी आकाशातून माझ्याकडे बोट दाखवून म्हणालं, ही बघा! मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. एवढी पुस्तकं वाचली, पण माझी गोष्ट त्यात असेल, आणि तीही ताऱ्याची असेल, असं कधी मनातही आलं नाही. दिसत नाही, पण ओढतो! हे मला कुणी सांगायला हवं होतं का? रोज सकाळी दोन कप चहा टाकते अजून, आणि एक परत भांड्यात ओतते.

घरी येऊन ह्यांच्या फोटोपुढे बसले. बरं वाटलं. फार दिवसांनी बरं वाटलं.

२६ जानेवारी, रविवार

देवा!

सकाळी कॉलनीत झेंडावंदनाचे कर्णे लागले होते. ऊन चांगलं पडलं म्हणून गोधडी गॅलरीत नेली आणि झटकली. उन्हात बारीक धूळ उडाली. करडी. तळहात पाहिला तर तोही करडा. हे कामावरून आले की हात असाच असायचा! साबणानं घासला तरी रेषांमध्ये राहायचा. मी क्षणभर तो तळहात गालाला लावला.

आणि मग कालचं वाक्य आठवलं. लोह जवळजवळ नाही, पण शिसं भरपूर.

आलं कुठून? जोडीदाराकडून. गेलेल्या जोडीदाराकडून.

डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कुणी बॅटरीच्या कामाला आहे का. आणि मी काय म्हटलं? आता कुणी नाही!

कुणी नाही कसं? मी स्वतःच टाचून ठेवलेत की ते, पातळाच्या दोन थरांत! आणि पोर ते चोखत होती. श्रावणापासून.

गोधडी गुंडाळून खाली बसले. कर्णे वाजत होते. राखी बाहेर आली, "आई, काय झालं?" मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. तिनं गोधडीकडे पाहिलं, मग मोरीत गेली, वेदिकाचं तोंड धुतलं, हात धुतले, पुन्हा तोंड धुतलं. पोरगी किंचाळत होती, ही धुतच होती.

२७ जानेवारी, सोमवार

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मी पुढे विचारायला हवं होतं, आधी कुणी होतं का म्हणून." मी म्हटलं, तुम्ही विचारलं होतं, मी नीट सांगितलं नाही. रक्त घेतलं. मुंबईला जाणार. शिशाची तपासणी इथे होत नाही म्हणाल्या.

वेदिका सुई टोचताना रडली नाही. ते जास्त लागलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

आहे. शिसं आहे. असावं त्याच्या कितीतरी पट आहे.

रवी दवाखान्याच्या जिन्यात बसला. "बाबांच्या कपड्यांनी?" एवढंच पुन्हा पुन्हा. "बाबांच्या कपड्यांनी, आई?"

१ फेब्रुवारी, शनिवार

राखी म्हणाली, "आई, धुवायला काय झालं होतं तुम्हाला?"

ओरडून नाही. हळूच म्हणाली.

३ फेब्रुवारी, सोमवार

राखी वेदिकाला घेऊन नांदगावला माहेरी गेली. डॉक्टरांनीच सांगितलं, घर पुरतं साफ होईपर्यंत पोरीला इथे ठेवू नका. निघताना वेदिका गोधडीसाठी हात पसरून रडत होती. मी दारामागे उभी राहिले. पुढे झाले असते तर तिनं माझ्याकडेच मागितली असती.

घर ओल्या फडक्याने पुसायचं. केरसुणी लावायची नाही, धूळ उडते. गाद्या, उशा, भिंतींचे कोपरे, आणि ती पेटी. गुडघ्यावर बसून पुसते आहे. रवी कामावरून आला की तोही पुसतो.

गोधडी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून गॅलरीत ठेवली आहे. मालनबाई आल्या, पिशवीकडे बघून कपाळाला हात लावला. "लेकराच्या आयुष्यासाठी कर म्हटलं होतं गं मी! माझ्या तोंडाला काय झालं!" त्या रडायला लागल्या आणि मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. जाताना म्हणाल्या, "गंगेवर, गोदेत सोडून ये. मोकळी हो."

रवी म्हणाला, "आजी, नदीत नाही सोडायची. जाळायचीही नाही. डॉक्टरांनी बजावलंय. धुरातून पसरतं, पाण्यातून पसरतं."

"मग ठेवायची का उरावर?" मालनबाई म्हणाल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

काल डॉक्टरांकडे गेले होते, वेदिकाच्या दुधाचं, खाण्याचं विचारायला. त्यांनी सहज विचारलं, "तुमचे मिस्टर कशानं गेले?"

"किडन्या गेल्या. आधी रक्तदाब, मग किडन्या."

"साखर होती?"

"नाही."

"शिसं तपासलं होतं कधी? कारखान्यात, दवाखान्यात?"

"कधीच नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "आता खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही. पण शिसं किडनीवर बसतं. आणि उरलेलं हाडांत."

दोन वर्षं मी म्हणत आले, नशीब. एवढा निर्व्यसनी माणूस, चिमूटभर तंबाखू सोडली तर. नशीब! आणि ते रोज घरी येत होतं, शर्टाला लागून. दारात रवी लहानपणी त्यांच्या गळ्यात पडायचा. मी म्हणायचे, आधी हात धुवा. हात! आम्हाला वाटायचं काळं हाताला लागतं.

रामकुंडात हाडं विरघळतात म्हणतात. म्हणूनच लोक कुठून कुठून अस्थी घेऊन आमच्या नाशकात येतात. ह्यांच्याही तिथेच सोडल्या. मी पायरीवर उभी होते, बघत होते, डोळ्यांदेखत पाणी पुन्हा होतं तसं झालं.

हाडं विरघळली असतील. शिसं?

१७ फेब्रुवारी, सोमवार

रवीने चौकशी केली. कारखान्यांचा विषारी कचरा जिथे पुरतात, तिथे नेणारी गाडी त्याच्या ओळखीच्या एका कारखान्यात येते. गाडीवाला पिशवी घ्यायला तयार झाला. मला म्हणाला, "आई, तू नको येऊस." मी गेले.

गाडीवाल्याने हातमोजे घातले होते. पिशवी उचलताना म्हणाला, "काय आहे, मावशी? जड नाही फार."

मी म्हटलं, "कपडे."

ह्यांना नेलं तेव्हा मी रडले नव्हते. सगळे म्हणत होते, रडू द्या तिला, दगड झाली. आज सातपूरच्या रस्त्यावर, बस जाताहेत, शिफ्ट सुटलेली पोरं बघताहेत, आणि मी रिक्षा स्टँडच्या खांबाला धरून मोठमोठ्यानं रडले. रवी बाजूला उभा राहिला. मग त्यानेही तोच खांब धरला.

पेटी धुऊन पुसून उघडी ठेवली आहे. नाक आत घालून पाहिलं. फिनेलचा वास.

२ मार्च, रविवार

तेजस्विनीचा फोन. मालनबाईंकडून सगळं कळलं तिला. "काकू, मी तर नुसती गोष्ट सांगितली होती." मी म्हटलं, सांगत राहा बाई. कोण कुठे ऐकत असेल, काय ठाऊक.

आज एकच कप चहा टाकला.

२० मार्च, गुरुवार

वेदिका आली! शिसं उतरतंय, निम्म्याच्या खाली आलंय. औषधाशिवायच उतरेल बहुतेक, पण वर्ष लागेल. बोलण्यात काय राहिलं, काय गेलं, ते हळूहळूच कळेल म्हणाल्या डॉक्टर. आज कळणार नाही. आज मुळीच विचारू नका.

गालावर रंग आहे. नांदगावच्या आजीनं धिरडी घालून घालून भरलंय तिला.

दारातून पळत आली माझ्याकडे. मी मागे सरले. हात पाठीमागे घेतले! पोर मध्येच थांबली. राखीनं ते पाहिलं. बॅग आत नेली, बाहेर आली, आणि म्हणाली, "आई, तुम्हीही रक्त तपासून घ्या. उद्याच चला. मी येते बरोबर."

३० मार्च, रविवार

पाडवा. कठड्यावर चिमणी. वेदिका म्हणाली, "ची... ची..." आणि रागावून पाय आपटला. राखी म्हणाली, "येईल गं, येईल." मला म्हणाली की तिला, कळलं नाही.

दहा दिवस पोरीला लांबूनच बघते आहे.

२ एप्रिल, बुधवार

माझा रिपोर्ट आला. माझ्यातही शिसं. आज वेदिकात उरलंय त्याहून जास्त. हे गोधडीचं नाही म्हणाल्या डॉक्टर, हे जुनं आहे. लग्न झाल्यापासून ह्यांचे कपडे मी धोपटत आले, ते हाडांत बसलंय. तिथून थोडं थोडं रक्तात येत राहील, मरेपर्यंत. सगळं काही निघायचं नाही.

म्हणजे गाडीवाल्यानं पिशवीतून ह्यांनाच नेलं असं वाटून मी उगाच रडले.

एकच विचारलं, नातीला जवळ घेऊ का? डॉक्टर म्हणाल्या, "घ्या की! हाडांतलं कुशीतून जात नाही."

दुपारी वेदिका कुशीत झोपली. झोपेत माझ्या पदराचं टोक तोंडात घेतलं. कालच धुतलेला पदर. तरी हळूच काढला, आणि माझं बोट तिच्या मुठीत दिलं.